सहा धुराड्यांचा ब्रश

मित्रांनो, माझा अवतार पाहून एकदाचं नाक मुरडून घ्या, म्हणजे पुढे निवांत बोलता येईल. मी एक जुना ब्रश आहे. दातांचा नव्हे, बुटांचा नव्हे, भिंती रंगवायचा तर मुळीच नव्हे. माझे केस पोलादाचे आहेत, कणा पिळदार तारेचा आहे आणि माझं सगळं आयुष्य धुराड्यांत गेलं. ज्या घरात हिवाळाभर लाकडं जळतात, त्या घराच्या धुराड्यात काजळी धरते. ती वेळेवर खरवडली नाही, तर एक दिवस तीच पेटते. ती खरवडणं हा माझा धंदा. तोंड काळं करून प्रतिष्ठा मिळवणारे जगात थोडेच असतात. त्यांतला मी एक.

माझा जन्म डोंगराखालच्या एका गिरणीगावातल्या छोट्या कारखान्यात झाला. दोन जाड तारांच्या मध्ये पोलादी केस पसरायचे आणि यंत्राने पीळ भरायचा, की ब्रश तयार. मग एक बाई मोठ्या कात्रीने आमचे केस गोल कापायची. माझी पाळी आली तेव्हा तिला शिंक आली. त्यामुळे माझ्या एका बाजूचे केस आजही थोडे आखूड आहेत. तपासनीसाने मला बाजूला टाकलं होतं, पण त्याच दिवशी ओव्हिड टिबो नावाचा एक माणूस घाईघाईत कारखान्याच्या दारात आला.

"त्याच्यात खोट आहे," तपासनीस म्हणाला.

"धुराड्यात कोण बघायला येतंय?" ओव्हिड म्हणाला आणि मला काखोटीला मारून निघाला.

त्याला घाई का होती, ते सांगतो. ओव्हिड राहायचा टॅनरी रस्त्यावर. व्हरमाँट राज्याच्या उत्तरेला डोंगर चढत जाणारा हा कच्चा रस्ता, आणि त्यावर तेव्हा सात घरं होती. सातव्या घराच्या मालकाला ओव्हिडने एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं होतं, "तुझं धुराडं भरलंय. साफ करून घे." सांगितलं ते चांगल्या मनाने, पण सांगितलं चारचौघांत. त्या माणसाला ते झोंबलं. आपल्या धुराड्याची काळजी दुसऱ्याने वाहावी हा त्याला अपमान वाटला आणि त्या अपमानाचा सूड त्याने धुराडं साफ न करून उगवला. डिसेंबरात धुराड्याने पेट घेतला. माणसं वाचली, घर वाचलं नाही. वसंत आल्यावर ते कुटुंब कुठेतरी दक्षिणेला निघून गेलं. आज तिथे दगडी जोतं आहे आणि लायलॅकचं एक झुडूप आहे. ते दर मे महिन्यात बघायला कुणी नसताना फुलतं.

ओव्हिडने यातून दोन धडे घेतले. पहिला असा, की रस्त्यावरचं प्रत्येक धुराडं दरवर्षी साफ झालंच पाहिजे. दुसरा असा, की त्याबद्दल कुणी कुणाला एक अक्षर बोलायचं नाही.

म्हणून मला आणलं गेलं. पहिल्या कडक हिवाने भोपळ्याच्या वेली काळ्या पडल्या, की मी रस्त्यावरच्या सर्वांत वरच्या घराच्या ओसरीवर, खिळ्याला लटकलेला दिसायचो. शेजारी माझ्या काठ्यांची मोळी असायची, एकमेकींना पेच फिरवून जोडायच्या लांब काठ्या, आणि खाली सफरचंदाच्या मुरंब्याची एक बरणी. घरच्यांनी काय ते समजायचं. ते धुराडं साफ करायचे, मुरंबा ठेवून घ्यायचे आणि काम आटोपलं, की मी पुढच्या घराच्या खिळ्यावर जायचो, त्यांच्या स्वतःच्या मुरंब्याच्या बरणीसोबत. शेवटच्या घरी पोहोचलो, की पुढच्या शरदापर्यंत तिथल्या गोठ्यात माझा मुक्काम. कुणी दार वाजवायचं नाही, कुणी आभार मानायचे नाहीत. साठएक वर्षं हे असं बिनबोभाट चाललं आणि टॅनरी रस्त्यावरच्या सहा घरांपैकी एकाही घराला धग लागली नाही.

कौतुक म्हणाल तर या डोंगरात त्याची रीत नाही. इथे नवी नवरी सुंदर असली तर "बरी आहे" म्हणतात आणि शून्याखाली वीस अंश झाले तर "जरा गारवा आहे" म्हणतात. मला एकदा ओव्हिड म्हणाला होता, "चालतोस." तो शब्द मी अजून जपून ठेवला आहे.

ओव्हिड गेला. त्याच्या मागे चौथ्या घरात त्याची दोन मुलं राहिली, व्हर्ना आणि ऑरिन. व्हर्ना एकाहत्तरची, ऑरिन अडुसष्टचा. मुलं कसली, पण एकमेकांशी भांडताना अजून मुलंच. शेवटच्या, सहाव्या घरात लॉयल फार्नम. हा गावच्या हौशी अग्निशमन दलाचा प्रमुख, त्यामुळे माझा हिवाळी मुक्काम तिथे असणं सगळ्यांना योग्य वाटायचं. आणि चौथ्या व सहाव्याच्या मध्ये पाचवं घर, ते एका म्हाताऱ्याचं होतं. तो गेल्यावर ते घर ॲरिझोनातून आलेल्या एका जोडप्याने घेतलं. बाई रमोना, बुवा क्लेटन. दोघांचंही वय पंचेचाळिशीच्या आसपास. जिथून आले, तिथे घर गार ठेवायला यंत्र लागायचं. इथे येऊन त्यांना थंडी अनुभवायची होती.

थंडी कुणाला नाही म्हणत नाही.

त्यांची तयारी मी पाहिली नाही, पण चौथ्या घराच्या ओसरीवर लटकलेलो असताना ती ऐकली मात्र भरपूर. खुर्चीत बसून रस्त्याकडे बघणं हे व्हर्ना-ऑरिनचं शरदातलं मुख्य काम होतं.

"आज काय आणलं त्यांनी?" व्हर्ना विचारायची. तिला दिसायचं सगळं, पण ऑरिनच्या तोंडून ऐकण्यात तिला गंमत वाटायची.

"बर्फ उडवायचं यंत्र. आपल्या गावच्या गाडीपेक्षा मोठं आहे."

"आणि?"

"मेणबत्त्या. दोन खोकी."

"देऊळ काढतायत का?"

"आणि लाकडं आली."

हे ऐकून व्हर्ना विणायचं थांबली. सप्टेंबर संपत आला होता. या डोंगरात लाकूड घ्यायचं ते या हिवाळ्यासाठी नव्हे, पुढच्या हिवाळ्यासाठी. कापून, फोडून, रचून ते वर्षभर वाळू द्यायचं. सप्टेंबरात जे येतं ते जुलैपर्यंत झाड होतं. क्लेटनने मात्र ते इतकं देखणं रचलं, की एका रविवारी दोन गाड्या थांबून फोटो काढून गेल्या. साली सगळ्या एका बाजूला, टोकं एका रेषेत. वर त्याने निळी ताडपत्री घातली, ती चहूबाजूंनी थेट जमिनीपर्यंत, आणि कडांना दगड ठेवले. वारा आत जाण्याची सोयच उरली नाही.

"तो लाकडं भिजवतोय का वाळवतोय?" व्हर्ना म्हणाली.

"सांगू का त्याला?" ऑरिन म्हणाला.

"त्यानं विचारलंय?"

"नाही."

"मग?"

त्या रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाने तो ढीग पाहिला. प्रत्येक जण गाडीतून जाताना स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट वर करायचा, म्हणजे नमस्कार झाला, आणि पुढे जायचा. क्लेटन आनंदाने दोन्ही हात हलवायचा.

ऑक्टोबरच्या मध्यावर चौथ्या घराचं धुराडं साफ झालं आणि ऑरिनने मला नेऊन पाचव्या घराच्या खिळ्याला अडकवलं. खाली काठ्यांची मोळी ठेवली, व्हर्नाने भरून दिलेली बरणी ठेवली. दार वाजवलं नाही. कशाला वाजवायचं? साठ वर्षं कुणी वाजवलं नव्हतं.

थोड्या वेळाने रमोना बाहेर आली आणि किंचाळली.

"क्लेटन! अरे, बाहेर ये! बघ काय ठेवलंय कुणीतरी!"

"काय आहे ते?"

"मला काय माहीत! पण जुनं आहे. हाताने केलेलं आहे. आणि मुरंबा! आपल्याला घरभरणीची भेट दिलीये रे त्यांनी!"

क्लेटनने मला हातात घेऊन फिरवलं. माझ्या आखूड केसांवरून त्याने बोट फिरवलं. "हे काहीतरी लोकरीचं असावं," तो म्हणाला. "मेंढ्या विंचरायला वगैरे."

मित्रांनो, माझं वय झालेलं होतं. आयुष्यात मी पुष्कळ अपमान गिळले होते. पण मेंढ्या?

त्यांनी मला धुतलं. साबणाने. दोनदा. साठ वर्षांची कमाई मोरीतून वाहून गेली. मग दिवाणखान्यातल्या लोखंडी शेगडीच्या वरच्या बाजूला, थोडं उजवीकडे, भिंतीवर मला टांगलं. माझ्यापासून दोन हातांवर शेगडीचं नळकांडं वर जाऊन धुराड्याला मिळत होतं. माझ्या काठ्यांना क्लेटनने खिडक्यांचे पडदे लावले. डिसेंबर जवळ आला तेव्हा रमोनाने माझ्याभोवती हिरव्या दिव्यांची माळ गुंडाळली. मुरंबा चार दिवसांत संपला. रमोनाने आभाराचं पत्र लिहिलं आणि ते व्हर्नाच्या पत्रपेटीत टाकण्याआधी मोठ्याने वाचूनही दाखवलं: "तुमची सुंदर भेट आम्ही घरातल्या सर्वांत मानाच्या जागी लावली आहे."

मी भिंतीवरून त्या नळकांड्याकडे बघत बसायचो. दुसरं काय करणार? ओली लाकडं शेगडीत पडली, की त्यांच्या टोकांतून पाणी उकळून बाहेर यायचं, सूं सूं आवाज यायचा. ओलं लाकूड धुमसतं. त्याचा धूर गार आणि चिकट असतो. तो वर जाऊन धुराड्याला आतून चिकटतो, आधी भुशासारखा, मग पापुद्र्यासारखा, मग डांबरासारखा. त्यात लाकूड जास्त वेळ टिकावं म्हणून क्लेटन शेगडीची हवा जवळजवळ बंद करून ठेवायचा, म्हणजे धूर आणखी गार. त्या धुराड्यात रोज एक थर वाढत होता. मला तो वासावरून मोजता येत होता. आणि मी दोन हातांवर, दिवे लावून, टांगलेला.

नोव्हेंबरच्या अखेरीस व्हर्ना आणि ऑरिन चहाला आले. पत्र मिळाल्यापासून सहा आठवडे त्यांनी काढले होते. ऑरिनने स्वच्छ शर्ट घातला होता. त्यावरून मी ओळखलं, की आज काहीतरी गंभीर बोलायचा त्यांचा बेत आहे. रमोना चहा आणायला आत गेली, क्लेटन केक कापायला गेला आणि दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

"दिवे लावलेत त्याला," ऑरिन कुजबुजला.

"मला डोळे आहेत. बोल त्यांच्याशी."

"तू बोल की."

"खिळ्याला कुणी अडकवला? तू का मी?"

"बरणी कुणी भरली?"

"बरणीनं काय बिघडवलं? आता त्यांनी मानाच्या जागी लावलाय. 'परत द्या' कसं म्हणायचं? लाज वाटेल त्यांना."

"घर पेटलं तर लाजेपेक्षा वाईट वाटेल."

"मग बोल ना."

रमोना चहा घेऊन आली. ऑरिनने घसा साफ केला. या डोंगरातला माणूस न विचारता सल्ला द्यायला निघतो, तेव्हा त्याच्या कपाळावर घाम येतो. मी तो पाहिला. त्याने शेगडीकडे बोट केलं.

"तुमचं लाकूड," तो म्हणाला, "गाणं म्हणतंय."

मित्रांनो, टॅनरी रस्त्यावर हा सर्वांत कडक इशारा होता. ओव्हिडच्या काळानंतर एवढं उघड कुणी बोललं नव्हतं.

"हो ना!" रमोनाचा चेहरा खुलला. "किती गोड वाटतं! आम्ही तर कधी कधी रेडिओही लावत नाही."

ऑरिनने चहा संपवला. व्हर्नाने केक बरा आहे म्हणून सांगितलं. घरी जाताना ओसरीवर ती त्याला म्हणाली, "सांगितलंस का?" तो म्हणाला, "सांगितलं." आणि दोघंही हलक्या मनाने गेले.

लॉयल फार्नम डिसेंबरात आला, सफरचंदाचा गरम सायडर प्यायला. भला दांडगा माणूस, मिशीला बर्फ लागलेला. त्याने मला पाहिलं आणि त्याचा कप हवेत थांबला. मला त्याच्या गोठ्याची आठवण झाली, त्याला माझी झाली असणार. दोन महिने तो वाट बघत होता, की पाचव्या घरचं काम कधी आटोपतं आणि ब्रश आपल्याकडे कधी येतो.

"कुठून आणलात?" त्याने विचारलं.

"भेट आलीये," क्लेटन म्हणाला. "तुमच्याकडे या वस्तूला काय म्हणतात?"

आता लॉयलला विचारलं होतं. सरळ, स्वच्छ विचारलं होतं. सांगायला काही हरकत नव्हती. पण सांगितलं असतं, तर हेही सांगावं लागलं असतं, की अहो, पुढची पाळी माझी आहे. म्हणजे मागितल्यासारखं झालं असतं. शहरात जाऊन नवा ब्रश आणणं त्याला जमलं असतं, पण तो गाडीतून उतरवताना दिसला असता, तर पाचव्या घराला कळलं असतं की आपलं काहीतरी चुकलं. असा सगळा हिशेब त्याच्या चेहऱ्यावरून सरकताना मी पाहिला.

"ब्रश," तो म्हणाला. आणि सायडर प्यायला.

गावाला आगीपासून वाचवण्याची ज्याच्यावर जबाबदारी होती, तो माणूस न साफ केलेल्या धुराड्याखाली हिवाळा काढायला घरी गेला.

जानेवारीत कडाका पडला. झाडं थंडीने तडकून आवाज करत होती. एका दुपारी, उजेड कलायला लागला होता तेव्हा, क्लेटन दुकानात गेला होता आणि रमोनाला हुडहुडी भरली. तिने शेगडी ठासून भरली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच हवेची खिडकी सताड उघडली. ज्वाळा नळकांड्यात चढली. मी ऐकलं. आधी टिक टिक असा आवाज झाला. मग वरून, धुराड्यातून, एखादं विमान घरावर उतरावं तसा घरघराट सुरू झाला. रमोनाने खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. मग तिने नळकांड्याकडे पाहिलं. ते लाल झालं होतं.

तिने फोन केला. पत्ता नीट सांगितला. मग ती दार उघडून रस्त्यावर धावली आणि ओरडली. काय ओरडली ते मला कळलं नाही, बहुतेक नुसतंच ओरडली. माझ्या अंगावरचे हिरवे दिवे त्या नळकांड्याच्या धगीने वितळून माझ्या केसांवर ठिबकायला लागले.

पहिला आला तो ऑरिन. पायात सपाता होत्या. तो दारावर थांबला नाही. "येऊ का?" म्हणाला नाही. सरळ आत घुसला आणि निखारे हलवायच्या सळईच्या टोकाने दुसऱ्याच्या घरातल्या दुसऱ्याच्या शेगडीची हवा धाडकन बंद केली. नळकांड्याची झडप फिरवली. साठ वर्षांत मी त्याला न विचारता कुणाच्या कुंपणाचं फाटकसुद्धा लोटताना पाहिलं नव्हतं.

आठ मिनिटांत लॉयल आणि त्याची माणसं आली. दोघं छपरावर चढली आणि त्यांनी धुराड्यात कसल्याशा भुकटीच्या पिशव्या सोडल्या. घरघराट कमी होत होत खोकल्यासारखा झाला, मग थांबला. लॉयलने आरसा आणि दिवा घेऊन वर-खाली तपासलं. वरच्या दोन विटा तडकल्या होत्या. आतली नळी शाबूत होती.

"नशीब," तो म्हणाला.

तोवर क्लेटन परत आला होता आणि दुकानातली पिशवी छातीशी धरून दारात उभा होता. व्हर्ना आली होती, कोट उलटा घालून. खोली धुराने भरली होती. रमोनाचं तोंड काळं झालं होतं. त्या घरात माझ्याशी थोडंफार साम्य असलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

"हे का झालं?" तिने विचारलं.

"काजळी," लॉयल म्हणाला. "लाकूड ओलं आहे. धुराडं भरलं होतं."

"मग आता काय करायचं?"

"साफ करायचं. दरवर्षी करायचं असतं."

"कशानं?"

कुणी बोललं नाही. लॉयल बोलला नाही, त्याची चार माणसं बोलली नाहीत, व्हर्ना बोलली नाही, ऑरिन बोलला नाही. पण सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. रमोनाने त्यांच्या नजरा कुठे लागल्यात ते पाहिलं. मी तिथे होतो, अंगावर वितळलेल्या दिव्यांचे हिरवे ओघळ घेऊन.

"हा?" ती म्हणाली.

"हं," लॉयल म्हणाला.

"पण हा तर... तुम्ही भेट..."

ऑरिन खाकरला. "मुरंबा भेट होता," तो म्हणाला.

क्लेटनने हळूच पिशवी खाली ठेवली. "आणि त्या काठ्या?"

"त्यांना पडदे लावलेत तुम्ही," व्हर्ना म्हणाली. "बरे दिसतात."

आणि मग रमोना भडकली. इतकी, की ओल्या कपड्यातून वाफ निघावी तसा तिच्यातून राग निघत होता. "तीन महिने! तीन महिने तुम्ही सगळे येऊन, चहा पिऊन, याच्याकडे बघून जात होतात? आणि एकालाही सांगावंसं वाटलं नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत," व्हर्ना म्हणाली.

"काय विचारायचं तेच मला माहीत नव्हतं, बाई! ज्याला काही माहीत नाही त्यानं काय विचारायचं?" तिचा आवाज फुटला. "क्लेटन, सामान बांध. आपण परत जाऊ. इथली माणसं आपल्याला मरताना बघतील आणि म्हणतील, बरे दिसतात."

लॉयलने टोपी काढली. ऑरिन स्वतःच्या सपातांकडे बघत राहिला. व्हर्नाला मात्र मी लहानपणापासून ओळखतो. तिने कोट सुलट केला, वेळ घेऊन, आणि ती शेगडीजवळच्या खुर्चीत न विचारता बसली.

"या रस्त्यावर सातवं घर होतं," ती म्हणाली.

आणि तिने ती गोष्ट सांगितली, चर्चच्या पायऱ्यांपासून लायलॅकपर्यंत. ऑरिन तेव्हा सहा वर्षांचा होता, ती नऊ वर्षांची. तिला ज्वाळा आठवत नव्हत्या. तिला आठवत होतं ते वसंतातलं निघणं: तिच्या वर्गातली त्या घरची मुलगी गाडीच्या मागे बसून हात हलवत गेली ते. "बाबांना वाटलं, त्यांनी सांगितलं म्हणून ते घर जळलं," व्हर्ना म्हणाली. "म्हणून त्यांनी सांगणं बंद केलं. ते त्यांचं चुकलं असेल. पण साठ वर्षं तेच करत राहिलो, ते आमचं चुकलं. तुम्ही जाऊ नका."

त्या रस्त्यावर कुणी कुणाला "जाऊ नका" म्हटल्याचं मी पूर्वी ऐकलं नव्हतं. ऑरिनने तर चमकून बहिणीकडे पाहिलं.

रमोनाने हे सगळं ऐकून घेतलं. मग तिने बाहीने नाक पुसलं, त्यामुळे ती आणखी काळी झाली, आणि लॉयलकडे वळली. "तुमचं धुराडं कधी साफ केलंत?"

लॉयलने मिशी चाचपली. "ब्रश इथे होता."

"लॉयल!" व्हर्ना ओरडली. "तू आग विझवणाऱ्यांचा प्रमुख आहेस!"

"म्हणून तर," तो म्हणाला. "प्रमुखानं दुसऱ्याच्या भिंतीवरची वस्तू मागणं बरं दिसलं नसतं."

आधी क्लेटन हसला. मग त्या चार माणसांतला एक. मग रमोनाही हसली, पण ते हसणं रडण्याच्या इतकं जवळचं होतं, की व्हर्नाने उठून तिला धरलं आणि रात्रीपुरतं आपल्या घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदे उतरले आणि काठ्या माझ्या अंगाला परत जोडल्या गेल्या. रमोना छपरावर चढली. ऑरिनने खालून शिडी धरली आणि आदल्या दिवसापासून त्याला जी सवय लागली होती ती चालूच ठेवली: पाय कुठे ठेव, जोर कधी लाव, कधी नको, सगळं सांगत राहिला. त्याचं तोंड थांबेना. मी खाली उतरलो. तिथली काजळी पेटून, फुगून कोळशाच्या पोळ्यासारखी झाली होती. मी ती ओरबाडली, खाली पाडली, वर आलो, पुन्हा उतरलो. तीन महिन्यांची भिंत माझ्या केसांतून झडली. दुपारपर्यंत मी पुन्हा पहिल्यासारखा काळा झालो होतो.

ऑरिनने आपल्या गोठ्यातलं दोन वर्षं वाळलेलं लाकूड पाचव्या घरी आणून टाकलं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून रमोनाच्या कानाशी धरल्या. "हे ऐक. टणक वाजतं ना? आता तुझं." तिच्या ढिगातल्या दोन ढलप्या आपटल्या. धप्प. "हे पुढच्या वर्षीचं. आणि ताडपत्री वरून घाल, बाजूनं नको. लाकडाला श्वास घेऊ दे."

"आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली.

"सांगितलं होतं," ऑरिन म्हणाला. "गाणं म्हणतंय म्हणालो होतो."

त्याच दिवशी रमोना मला घेऊन सहाव्या घरी चालत गेली. तिने मला खिळ्याला अडकवलं नाही. तिने दार वाजवलं. साठ वर्षांत माझ्यासाठी वाजलेलं ते पहिलं दार. लॉयलने उघडलं तेव्हा तिने मला त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हा धुराडं साफ करायचा ब्रश आहे. तुमचं धुराडं भरलंय. आज साफ करा." आणि हातात एक बरणी दिली. मुरंबा तिला येत नव्हता, म्हणून ॲरिझोनातल्या आईच्या पद्धतीने केलेलं मिरचीचं लोणचं होतं. लॉयलने नंतर ते बरं आहे म्हणून सांगितलं. डोळे पुसत सांगितलं.

तेव्हापासून माझ्या काठ्यांच्या मोळीला एक पातळ पत्र्याची पट्टी बांधलेली आहे. त्यावर रमोनाने लिहिलंय: "धुराडं साफ करा. मग पुढच्या घरी द्या. दार वाजवा. बरणी तुमची." व्हर्नाला ही पट्टी फार उद्धट वाटते. ती तसं दर शरदात म्हणते. पण गेल्या वर्षी चौथ्या घरातून मी पाचव्या घरी निघालो, तेव्हा त्या पट्टीच्या मागच्या बाजूला तिच्या वळणदार अक्षरात एक ओळ खरडलेली होती: "लाकूड ओलं वाटलं, तर कुणी विचारायची वाट बघू नका."

मित्रांनो, माझ्या केसांत अजून त्या हिरव्या दिव्यांचा एक थेंब अडकलेला आहे. तो निघत नाही. काढूही नका. आणि मला कधीही भिंतीवर लावू नका, कितीही शोभलो तरी. कामाची वस्तू कामाला लावा, तोच तिचा मान. तुमच्या शेजारी कुणी नवं राहायला आलं आणि त्याला काही माहीत नसलं, तर ते त्याच्या दारात जाऊन सांगा. त्याला राग येईल, कदाचित दिवसभर तो तुमच्याशी बोलणारही नाही. चालेल. मी तीन महिने सगळं बघत टांगलेला होतो, पण मी ब्रश आहे, मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.